चंद्राला तीनदा विचारलं

सोमवार, ९ जानेवारी १९७८

सगळ्यात आधी आली ती निंगव्वा! बैठक दुपारची, आणि ही बाई सकाळच्या पहिल्या येष्टीनं अक्कलकोटहून हजर. सोबत भाकरी, शेंगाची चटणी, पाण्याचा तांब्यासुद्धा. आमच्या घरचं पाणी नको म्हणून! स्वतःच्या सुनेच्या माहेरी! मागून तिचा मुलगा, आमचा नातजावई शिवप्पा, मान खाली घालून. मग चनबसप्पा आले. त्यांचं चादरीचं दुकान आहे, पण निम्मा दिवस लोकांची भांडणं मिटवण्यात जातो. त्यांची बायको म्हणते, "दुकान माज्या नावावर करा आन तुमी फिरत बसा."

गोष्ट अशी की नात चंद्रा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, म्हणजे तिच्या बापाकडे, माझ्या रुद्रप्पाकडे. मुलगा झाला. गोरापान, नाक अगदी आमच्या ह्यांचं. पण बारशापासून पोरगी भिंतीकडे बघत बसते. बाळ रडलं तरी हात पुढे येत नाही. रात्री डोळे टक्क उघडे. अंगारा लावला, दृष्ट काढली, नवस बोलले. काही नाही.

निंगव्वा सगळ्यांदेखत म्हणाली, "येडी पोरगी गळ्यात बांधली आमच्या. बाळ आमचं हाय, आमी नेतो. पोरगी ठिवा तुमाला!"

रुद्रप्पा उठलाच. चनबसप्पांनी त्याच्या हातात विडा दिला. त्यांची रीतच आहे ती. जो ओरडेल त्याला पान द्यायचं. पान तोंडात असेपर्यंत त्यानं दुसऱ्याचं ऐकायचं. आज रुद्रप्पाचं तोंड दिवसभर लालच होतं बाई.

शेवटी चंद्राला बाहेर बोलावलं. ही पण त्यांचीच रीत — मुलीला तीनदा विचारायचं. "चंद्रव्वा, तुला नांदायचं हाय का?" गप्प. परत विचारलं. गप्प. तिसऱ्यांदाही गप्प. तीनदा गप्प म्हणजे 'न्हाय' धरायचं, असं त्यांच्या बैठकीत चालत आलेलं. झालं! शिवरात्र झाली की बाळ अक्कलकोटला न्यायचं ठरलं. सूनबाई, चंद्राची आई, आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडली. चंद्रा रडली नाही. ती पुन्हा भिंतीकडे.

मंगळवार, १० जानेवारी

मी चूल पेटवते तोच दारात चनबसप्पा! चहा दिला, घेतला नाही. म्हणाले, "अक्का, माजं चुकलं वाटतंय. गप्प बसलेल्या पोरी मी लई बघितल्या. कुणी रागानं गप्प, कुणी भ्यानं गप्प. तुमची नात तशी गप्प नव्हती. माजा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच न्हाय."

मग विचारायला लागले, झोपते का? जेवते का? आंघोळ स्वतः करते का? मी सगळं सांगितलं. रुद्रप्पा ऐकत होता. कालचा राग अजून होताच. म्हणाला, "काल का न्हाय विचारलं हे?"

"म्हनून तर सकाळी आलो की," चनबसप्पा म्हणाले. "डागदर शिवयोगी म्हनून हायत. मनाचे. तिकडं न्या तिला."

सूनबाई म्हणाली, मनाच्या डॉक्टरकडे नेली म्हणजे निंगव्वा खरी ठरली. गावभर होईल! मी म्हटलं, गावभर झालंयच, आता राहिलंय कोण?

गुरुवार, १२ जानेवारी

जाऊन आलो. कसला डॉक्टर! नळी लावली नाही, जीभ बघितली नाही. पोरसवदा दिसतो, मिशी पण धड नाही. नुसता खुर्ची ओढून चंद्राजवळ बसला आणि हळू हळू विचारत राहिला. आम्हाला बाहेर काढलं. मी दाराला कान लावला, पण बाहेर एक म्हातारा असा खोकत होता की एक अक्षर कळलं नाही.

मग आम्हाला आत घेतलं आणि म्हणाला, हा आजार आहे. बाळंतपणानंतर काही बायकांना होतो. बरा होतो.

आजार! कुणाला आजार आहे ऐकून मी जन्मात एवढी खूश झाले नव्हते. वेड नाही, करणी नाही, माझ्या नातीचा स्वभाव खोटा नाही. साधा आजार, गोळ्या आहेत त्याला! मी डॉक्टरच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली. तो लाजला.

गोळ्यांचा गुण यायला वेळ लागेल म्हणाला. आणि मग विचारलं, "घरात भांडण चालू आहे का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. तर म्हणतो, "रोज तिच्या कानावर वाद पडत असेल तर माझं औषध अर्धंच काम करेल, आजी. ते भांडण कोण मिटवतंय? त्यांना माझ्याकडे पाठवा."

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेला गेले नाही. चंद्राजवळ बसून तिळगूळ वळले. दोन खाल्ले तिनं.

मंगळवार, १७ जानेवारी

चनबसप्पा डॉक्टरकडे जाऊन आले. इथे बसून सगळं सांगितलं, हसत होते.

ते म्हणे डॉक्टरला म्हणाले, पोरगी तुमच्याशी काय बोलली तेवढं सांगा, म्हणजे मला बैठकीत कामाला येईल. डॉक्टर म्हणाला, "ते तिचं आहे. तिनं सांगा म्हटलं तरच सांगेन."

मला वाटलं चनबसप्पांना राग आला असेल. कुठला! म्हणाले, "अक्का, तितंच माजं मन बसलं बगा. मी पण एका घरचं दुसऱ्या घरात न्हेत न्हाय. त्यांचं माजं दुकान येकच हाय, माल निराळा."

मग चनबसप्पांनी डॉक्टरला बैठकीला बोलावलं, तर तो म्हणाला, मी तिथं आलो तर लोकांना वाटेल डॉक्टर मुलीच्या बाजूचा. मी एवढंच सांगतो, आजारी माणसाला अशा मोठ्या गोष्टीचं हो-नाही आत्ता विचारू नका. हे सांगायला चंद्राची हरकत नव्हती. तिला विचारून घेतलं होतं त्यानं.

आता अक्कलकोटला निरोप गेलाय. निंगव्वा काय करते बघू.

रविवार, २२ जानेवारी

दुसरी बैठक. निंगव्वा आज तांब्या विसरली होती, पण तहान धरून बसली. अशी हट्टी!

चनबसप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "मागल्या बैठकीतली माजी चूक हाय. आजारी पोरीच्या गप्प बसण्याचा मी निवाडा केला. ते मागं घेतो."

एवढ्या पांढऱ्या केसांचा माणूस, भरल्या घरात! मला भरून आलं.

निंगव्वा उसळली. "बैठकीचा शब्द फिरवता? उद्या तुमच्याकडं कोन येईल?"

"न्हाई आलं तर चादरी तरी विकीन की, निंगव्वा." आणि पान पुढे केलं. तिनं पान ढकललं.

मग त्यांनी शिवप्पाकडे बघितलं. दोन्ही बैठका तो नुसता बसून होता. "जावईबापू, तुमाला काय वाटतं?"

शिवप्पा इकडे तिकडे बघायला लागला, दुसऱ्या कुणाला विचारलं असेल म्हणून! मग हळूच म्हणाला, "मला कुनी इचारलंच न्हाय की. मला भ्या वाटतंय. चंद्राची आधीची हसायची सवय... ती परत येईल का, एवढंच मला पायजे."

रुद्रप्पानं स्वतः उठून त्याला पाणी आणून दिलं. मारायला निघालेला माणूस हाच!

ठरलं ते असं. डॉक्टर म्हणेपर्यंत चंद्राला काही विचारायचं नाही. बाळ तिच्याजवळच. शिवप्पानं दर सोमवारी यायचं, तिच्याजवळ बसायचं, आणि खोलीत कुणी वडीलधारं नको. हे शेवटचं चनबसप्पा माझ्याकडे बघून म्हणाले! मी काय कान लावून बसते काय?

सोमवार, ३० जानेवारी

शिवप्पा येऊन गेला. कान लावला. काही ऐकू आलं नाही. दोघं गप्पच होती. पण बाळ त्याच्या मांडीवर आणि हिचा हात बाळाच्या पायावर. फटीतून दिसलं.

सोमवार, ६ फेब्रुवारी

चंद्रा माझ्याशी भांडली!

मी बाळाला नेहमीसारखं घट्ट गुंडाळत होते, तर म्हणाली, "साकु अज्जी, आवळू नगंस त्याला, दे हिकडं!" हिसकावून घेतलं माझ्या हातातून. मी म्हटलं, तुझ्या बापाला असाच गुंडाळला मी. म्हणाली, "म्हनून तर आण्णा असा झालाय!"

मी बाहेर ओट्यावर येऊन रडले. सूनबाई घाबरून धावत आली, काय झालं, काय झालं? मी म्हटलं, अगं भांडली, माझ्याशी भांडली! मग दोघी रडलो. रुद्रप्पाला सांगितलं तर म्हणतो, काय चुकीचं बोलली?

गुरुवार, १६ फेब्रुवारी

झोपते आता. परवा तर गिरणीचा भोंगा झाला तरी उठली नाही. डॉक्टर म्हणाला, बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि म्हणाला, चनबसप्पांना सांगा, आता विचारलं तरी चालेल. चंद्राच म्हणाली म्हणे — "मला इचारू द्या त्यांना."

डॉक्टरला कडक भाकरी बांधून नेली होती. घेत नव्हता. चंद्रानं दटावलं तेव्हा घेतली.

रविवार, २६ फेब्रुवारी

तिसरी बैठक. आज शेंगाची पोळी केली होती. आधी सगळ्यांना जेवायला बसवलं, बोलणं नंतर. निंगव्वा जेवली. आमच्या घरचं पाणीही प्याली.

चनबसप्पांनी चंद्राला एकदाच विचारलं.

"येते," म्हणाली. "पन माज्या गोळ्या लपवून ठिवायच्या न्हायत, देवाच्या फळीवर सगळ्यांदेखत ठिवायच्या. आन माज्या लेकरासमोर मला कुनी येडी म्हनायचं न्हाय. आत्या, तुमी पन."

शिवप्पा हसू आवरत होता. निंगव्वा पदराचं टोक पिळत बसली. मला वाटलं आता फुटणार ही, परत पहिल्यापासून सगळं! पण चनबसप्पांनी विचारलं, मान्य का, तर मान हलवली. शिवरात्र झाली की चंद्रा आणि बाळ, दोघांना न्यायचं. दोघांना!

दिवसभर पाय दुखतायत आणि मी घरभर नाचत्येय. सूनबाई मला म्हणते, अत्ती, बसा आता.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

दुपारी निंगव्वा आल्या. एकट्याच. चंद्रा झोपली होती. उठवू नका म्हणाल्या. ओट्यावर माझ्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या, "अव्वा, शिवप्पा झाला तवापासनं मला झोप न्हाय. त्याचा बाप म्हनायचा, ही येडी हाय. आता एवढी वर्षं झाली, आता काय हुतंय का त्या डागदराच्या गोळीनं?"

मी म्हटलं, विचारू या की त्यालाच. मी येते तुमच्यासंगं.

उद्या सकाळच्या येष्टीनं परत येते म्हणाल्या.