छत्रीखाली कोण उभं होतं

आई, तुझ्या धाकटीच्या नवऱ्याला आज आम्ही अग्नी दिला. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा ती कॉलेजात होती, आणि लग्नाचा विषय काढला की पाटावरून उठून जायची. पुढे तिनं स्वतःच त्याला शोधलं. उरणच्या बंदरात मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या छोट्या बोटी असतात ना, तशा एका बोटीवर तो कामाला होता. एका पावसाळ्यात ती उलटली. बाकीचे सापडले, कोणी जिवंत, कोणी नाही. हा जिवंतांतही सापडला नाही आणि मेलेल्यांतही नाही. त्याला बारा वर्षं होऊन गेली. त्यामुळे आज जाळला तो माणूस नव्हताच. पळसाच्या पानांचा, दर्भाने बांधलेला, डोक्याच्या जागी नारळ ठेवलेला एक पुतळा होता. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी असं करतात. मी जन्मभर ज्या ज्या गोष्टींविरुद्ध घसा फोडून बोलले त्यांतली ही एक, आणि आज सकाळपासून गाढी नदीच्या काठावर मी तिच्यासाठी उभी होते. थकले आहे. पण तुला सांगायचं आहे ते विधीचं नाही. चिनी मालिकांचं आहे. हसू नकोस.

खरं तर तुलाच सांगायला हवं. बाबा गेल्यावर तू टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर लागलीस. तिकीट फाडायचं, बॅटरीनं खुर्ची दाखवायची, कोणाचं मूल रडलं तर बाहेर कट्ट्यावर घेऊन बसायचं. शाळा सुटली की मी तुझ्याजवळ स्टुलावर अभ्यासाला. एकेक सिनेमा महिनाभर चाले आणि तू तो रोज दाराच्या पडद्याच्या फटीतून तुकड्यातुकड्यानं बघायचीस. गव्हाणफाट्याकडून, उरणच्या वाटेवरून गावच्या बायका येत. त्यांची एस.टी. सिनेमा संपायच्या आधी सुटायची. शेवटची मारामारी सुरू झाली की त्या चपला शोधत अंधारातून बाहेर येत आणि दारात तुला गाठत. "बाय, आमची गारी सुटंल. त्यो जगतंय का मरतंय, येवढा सांग." तू सांगायचीस. दोन वाक्यांत, हलक्या आवाजात. त्या 'हं' म्हणून पदर खोचून पळत सुटायच्या. शेवट बघणाऱ्यांपेक्षा त्या जास्त समाधानानं जातात असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

एकदा मी मध्ये बोलले. वक्तृत्वात बक्षीस मिळालं होतं, तोंड शिवशिवत होतं. मध्यंतरात एक बाई शेंगदाणे खात दारात उभी होती, तिला म्हटलं, "काही उपयोग नाही, ती शेवटी विष घेते." त्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो. तू माझा दंड धरून मला जिन्याखाली नेलंस. मारलं नाहीस. म्हणालीस, "विचारल्याशिवाय शेवट सांगायचा नसतो. तिनं अजून अर्धा सिनेमा जगायचा आहे." मग खडीसाखरेचा खडा माझ्या हातावर ठेवून परत दारावर गेलीस. मी तिथे उभी राहून तो चोखला, आणि तू चुकतेस असं मनाशी ठरवलं. सत्य हे विचारण्याची वाट बघत नसतं, असं मी पुढे किती सभांमधून म्हटलं असेल त्याला गणती नाही.

धाकटीच्या बाबतीत मी तेच करत आले. बेपत्ता माणसाच्या बायकोला कायदा सात वर्षांत मोकळी करतो, रूढी बारा वर्षांत. ती कशातच झाली नाही. तिनं कामोठ्याला शिकवण्या सुरू केल्या, मुलीला वाढवलं, आणि कुंकू लावत राहिली. दर भेटीत मी सुरू व्हायचे. "तो गेला. मान. रड. मोकळी हो." ती चहा गाळत राहायची. एकदाच म्हणाली, "ताई, इथे सभा नाहीये. साखर किती घालू?"

मग स्वस्तात इंटरनेट आलं आणि शिकवणीच्या मुलींनी तिला या मालिकांचं वेड लावलं. मोबाईलवर, खाली इंग्रजी अक्षरं. त्यांत सगळे देव असतात, पण आपल्यासारखे नाहीत. आकाशात महाल, ढगांवर पायऱ्या, वाऱ्याशिवाय उडणारे केस. एकीतली नायिका कुठलीशी औषधी वनस्पती, हजार वर्षं तप करून बाई झालेली. तो स्वर्गाचा सेनापती. प्रेम होतं, विसर पडतो, पृथ्वीवर जन्म घेतात, पुन्हा भेटतात, पुन्हा ताटातूट. पन्नास-साठ भाग हे असं. शेवटाला तो जगासाठी स्वतःचा प्राण देतो, आणि देह असा उरतच नाही. उजेडाचे कण होतात आणि वर उडून जातात. त्यानंतर ती वाट बघते. शंभर वर्षं, हजार वर्षं, अंगणात बर्फ पडतं, साडीसारखं ते पांढरं वस्त्र मळत नाही. आणि अगदी शेवटच्या मिनिटाला काहीतरी घडतं किंवा घडल्यासारखं दिसतं.

मी चिडले. ग्रीकांची नाटकं वाचलेली बाई मी, रशियनांच्या जाडजूड कादंबऱ्या उशाशी घेऊन झोपणारी. तिथे मेलेला माणूस मेलेला राहतो आणि वाचणारा ते सोसून मोठा होतो. वाचनालयाच्या महिला मंडळात मला बोलावलं होतं, विषय वेगळाच होता, पण मी वळवला. म्हटलं, हा शेवट नाही, ही लाच आहे. साठ भाग रडवायचं आणि शेवटच्या मिनिटात हातावर बत्तासा ठेवायचा. बाईनं वाट बघत बसावं हे जुनंच विष, आता परदेशी बाटलीत. टाळ्या मिळाल्या. मागच्या रांगेतून एक कोकणी मुसलमान बाई उठल्या, बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, नवरा कुवेतला. म्हणाल्या, "आपा, बुरा मत मानो. आमचा माणूस दोन वर्षांनी येतो, महिनाभर राहतो, उलटा जातो. वाट बघायला मला कुठल्या चिनीनं शिकवलं नाय. मी बघते ते यासाठी, की ती बाई वाट बघते तेव्हा निदान मागे बाजा तरी वाजतो." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत उत्तर शोधत होते. मग मी त्या मालिका बघू लागले, खंडन करायचं तर वाचल्याशिवाय करू नये म्हणून.

धाकटीची एक गोष्ट मला भाचीनं सांगितली. "मावशी, आई शेवटचा भाग कधीच बघत नाही. एकाही मालिकेचा नाही. त्याच्या आधीच्या भागाला थांबते आणि दुसरी सुरू करते." मी विचारलं, "का?" भाची म्हणाली, "तुलाच माहीत नाही का?" पोरगी माझ्यापेक्षा शहाणी आहे. लोक खाली प्रतिक्रियांमध्ये भांडत असतात, कोणी म्हणतं शेवट घाईत उरकला, कोणी म्हणतं रडवलं पण पटलं, कोणी शेवट बदलून स्वतःच लिहून काढतं. आपली ही बाई त्या भांडणातच नाही. ती त्या अंगणात, त्या बर्फात, वाट बघणारीला तशीच सोडून देते, दार न लावता.

या माघात भाचीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे, बेलपाड्याला राहतो. पत्रिका छापायला मी आणि भाची गेलो. छापखान्यातले गृहस्थ संगणकावर मजकूर लावता लावता सहज म्हणाले, "वडिलांच्या नावामागे श्री. लावू की कै.?" भाचीनं माझ्याकडे बघितलं. जिनं हजार माणसांच्या सभेत पोलिसांसमोर तोंड उघडलं तिला एक अक्षर उच्चारता येईना. "आणि त्याप्रमाणे आईच्या मागे सौ. की श्रीमती, तेही सांगा," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता, त्याचा रोजचाच प्रश्न. भाची म्हणाली, "नुसती नावंच घाला." तो हसला. "ताई, नुसतं नाव बरं नाही दिसत. लोक विचारतील." आम्ही उद्या सांगतो म्हणून निघालो. रिक्षात भाची म्हणाली, "आजीला बाबांचं ते पुतळ्याचं करायचंय लग्नाआधी. काकांनी गुरुजींना विचारूनही ठेवलंय. आई ऐकत नाही. तू आईला काही बोलू नकोस हां, मावशी. तू बोललीस की ती आणखी घट्ट होते." एवढ्याशा पोरीनं मला गप्प राहायला सांगितलं, आणि आई, मी राहिले.

रविवारी दुपारी धाकटी स्वयंपाकघरात खाली बसून वाल सोलत होती, बिरड्यासाठी. भिजवून मोड काढलेले, परात भरून. मी ओट्याला टेकून तिच्याच मोबाईलवर त्या वनस्पतीबाईचा शेवटचा भाग बघत होते, कानात वायर घालून. धाकटी आदल्या भागाला थांबली होती. सेनापतीचे कण झाले, वर गेले. बर्फ पडलं. ती पायरीवर बसली. मला राग येत होता आणि डोळेही भरत होते, दोन्ही एकदम, आणि त्यामुळे आणखी राग. मग धाकटीनं मान वर न करता विचारलं, "ताई, तो येतो का?"

बारा वर्षं मी तिला न विचारता शेवट सांगत होते. आता तिनं विचारलं आणि मला खरं सांगायचं होतं, पण खरं काय तेच त्या चिन्यांनी नीट सांगितलेलं नव्हतं. म्हटलं, "ती बसलेली असते. मागून कोणीतरी तिच्या डोक्यावर छत्री धरतं. बर्फ लागू नये म्हणून."

"कोण?"

"दाखवलं नाही. छत्री दिसते, हात दिसतो."

"त्याचा?"

"बाही पांढरी आहे. सगळ्यांच्याच असतात."

"ती वळून बघते का?"

"हसते. वळायच्या आत संपतं."

धाकटीनं हातातला वाल परातीत टाकला. "हा काय शेवट झाला?" तिचा आवाज चढला. मी तिचा चढलेला आवाज ती बोट उलटली तेव्हापासून ऐकला नव्हता. "साठ भाग बघायला लावलं आणि छत्री दाखवतात? आला असेल तर तोंड दाखवा. मेल्यांनो, मेला असेल तर मेला म्हणा की सरळ. माणसानं किती दिवस बघत बसायचं?"

म्हणाली आणि थांबली. 'मेला' हा शब्द तिनं बारा वर्षांत एकदाही उच्चारला नव्हता. मी म्हटला की ती उठून जायची, कोणी पाहुण्यानं म्हटला तर विषय बदलायची. आता तो स्वयंपाकघरात आमच्या दोघींच्या मध्ये पडला होता आणि तिनंच टाकला होता. मला बोलायचं होतं, आई. माझ्या जिभेवर परिच्छेद तयार होता. मी खाली बसले आणि वाल सोलायला घेतले. मला ते कधीच नीट जमलं नाही, दाणे मोडतात. तिनं माझ्या हातातले मोडलेले दाणे वेगळे काढले. परात जवळ ओढून म्हणाली, "छापखान्यात कै. सांग. आणि माझ्यामागे श्रीमती." मग म्हणाली, "सासूबाईंचं ते पानांचंही होऊन जाऊ दे. त्यांचा मुलगा आहे तो. त्यांनी किती बघायची?" रडली नाही. रात्री रडली असेल तर मला माहीत नाही.

त्या शेवटांनी बघणाऱ्यांचं समाधान होतं का, असं मला कोणी विचारलं तर मी आजही ठणकावून सांगेन, होत नाही. आणि माझं भाषणही चुकीचं नव्हतं, लाच ती लाचच. पण समाधान झालं असतं, त्यानं तोंड दाखवलं असतं, तर धाकटी दुसरी मालिका लावून पुन्हा आदल्या भागाला थांबली असती. तिला चांगल्या शेवटानं हलवलं नाही. वाईट शेवटाचा संताप कामी आला. माझं बोलणं तर कशाच्याच कामी आलं नाही. हे मी कुठल्या व्यासपीठावर सांगू? तुझ्या बायका दोन वाक्यांवर समाधानानं एस.टी. पकडायच्या, कारण तू त्यांना एक काय ते सांगायचीस. बंदरावर, कचेऱ्यांत, कोर्टात हिला कोणी ते सांगितलं नाही. मी सांगितलं, पण मला ठाऊक कुठे होतं? मीही अंदाजच ओरडत होते.

आज काठावर फारसं कोणी नव्हतं. तिचे दीर, गुरुजी, भाची, आम्ही दोघी. पळसाची पानं ओलसर होती, धूर फार झाला. नारळ फुटला तेव्हा भाचीनं आईचा हात धरला. धाकटीनं घरूनच कुंकू न लावता येणं पसंत केलं होतं, मी ते काढायला कोणाला हात लावू दिला नसता, आणि तशी वेळच आली नाही. गुरुजी हळूच म्हणाले, आता निघा, मागे वळून बघू नका. धाकटी सरळ चालत गेली, पाठ ताठ, रिक्षापर्यंत. भाचीही. मी वळून बघितलं. तिच्या दिरांनी ते पाहिलं आणि मान हलवली, ही बाई इथेही रूढी मोडल्याशिवाय राहणार नाही, अशा अर्थानं. मी त्यांना तसं समजू दिलं. उद्या ते घरी सांगतील आणि माझ्या लौकिकाला शोभेल असंच सगळ्यांना वाटेल. कोणाला मी दुसरं काही सांगणार नाही. तुला सांगते, कारण हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही. मी काही मोडायला वळले नव्हते. धुराच्या पलीकडे कोणी उभं आहे का, ते बघत होते.