दाराशी राहिलेला मेढा

६ ऑगस्ट

पोहोचलो एकदाचे! सांगलीहून रेल्वेने नागपूर, तिथून बसने आदिलाबाद आणि शेवटी सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसत भीमपूर. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस आणि सोयाबीन, सोयाबीन आणि कापूस. विनय म्हणाला होता की तुझ्या आवडीचं घर शोधलंय. नवऱ्याच्या असल्या बोलण्यावर मी सहसा विसंबत नाही, पण या वेळी पठ्ठ्याने खरंच शोधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे घराच्या दुप्पट परसबाग! पेरू, कढीपत्ता, शेवगा, मांडवावर दोडका. पहिला चहा उकळायच्या आत मी चार जातींचे कोळी मोजले. विनयने सामानाच्या पावत्या मोजल्या. ज्याची त्याची आवड.

त्याचं इथल्या कालव्यावर दोन वर्षांचं काम आहे. मी शाळेतली जीवशास्त्राची नोकरी सोडून आले. जागा बदलली की माणसाला बरं वाटतं असं सगळे सांगत होते. सांगणाऱ्यांचं काय जातं! पण आज वाटलं खरं बरं.

कॅमेऱ्याची पिशवी मी टेम्पोवाल्याच्या हाती दिली नाही, मांडीवर घेऊन आले. त्यातली मॅक्रो लेन्स गार्गीची. किड्यांचं वेड तिचंच होतं. तिच्या अकराव्या वाढदिवसाला विनयने घेऊन दिली आणि तीन महिन्यांत ती तापाने गेली. पाच दिवसांत गेली. या दिवाळीला दोन वर्षं होतील. लेन्स पडून राहू नये म्हणून मी वापरायला लागले आणि आता मला दुसरं काही करावंसंच वाटत नाही.

११ ऑगस्ट

इथला क्रम बसला. साडेपाचला उठायचं. पहाटे किडे गारठलेले असतात, जागचे हलत नाहीत, अंगावर दव असतं. ऊन चढलं की कोणी तुमच्यासाठी थांबत नाही. या लेन्समधून केसाएवढाच भाग स्पष्ट दिसतो: डोळा साधला तर पाय धूसर, पाय साधले तर डोळा धूसर. म्हणून एकाच किड्याचे फोकस किंचित किंचित सरकवत तीस फोटो काढायचे आणि मग संगणकावर जोडायचे. तीस फोटो होईस्तोवर किड्याने हलायचं नाही आणि आपण श्वास घ्यायचा नाही. विनय म्हणतो, एवढा वेळ तू माझ्यापुढे कधी गप्प बसली नाहीस.

घरमालकीण जयवंताबाई शेजारच्याच घरात राहतात. भाजी लावतात, आदिलाबादच्या बाजाराला पाठवतात. मला चिखलात पालथी पडलेली बघून त्यांना आधी वाटलं की बाईला भोवळ आली. मग कळल्यावर पदर तोंडाला लावून खूप हसल्या. “काऊन माय, मानसाचे फोटू नाई काढत का तुमी? लोकं किड्याले मारतेत अन् तुमी त्याच्याशी बोलून राह्यल्या!” माझं त्यांच्याशी जमणार. दुपारी वांगी देऊन गेल्या, अळी नसलेली. मी अळीवाली मागितली तेव्हा मात्र हसल्या नाहीत.

१७ ऑगस्ट

पेरूखाली एक हिरवा प्रार्थनाकीटक सापडला आणि मी मागे वळून गार्गीला हाक मारली. मारून बसले खरी. विनय दारात ब्रश करत होता. त्याने ऐकलं आणि आत गेला.

ती त्याची शेपूट होती. दूध पाजणारी, गृहपाठ घेणारी, नखं कापणारी मी, आणि घामट शर्टाला जाऊन बिलगायची त्याच्या. रस्ता ओलांडताना मी हात पुढे केला तरी फिरून पलीकडे जाऊन त्याचाच धरायची. तेव्हा राग यायचा. लटका नव्हे, खराच यायचा. आज तो आठवून लाज वाटते.

२२ ऑगस्ट

आज पोळा. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, गावात नुसती धांदल. विनयने दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या आणि दुपारी झोपला.

संध्याकाळी जयवंताबाई पळसाची पानांनी भरलेली फांदी घेऊन आल्या आणि आमच्या मागच्या दाराशी रोवून गेल्या. याला मेढा म्हणतात. रात्रभरात घरातलं जे जे नको ते, माश्या, मच्छर, ढेकूण, खोकला, ताप, सगळं म्हणे या फांदीवर येऊन बसतं. उद्या दिवस निघायच्या आत ती शिवेपलीकडे टाकायची आणि इडापिडा नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगायचं, ‘घेऊन जाय गे मारबत!’ मी विचारलं, नाही टाकली तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं, चूल विझवली नाही तर.

त्या गेल्यावर फांदी न्याहाळली. एक पान दुमडलेलं, आत पांढऱ्या रेशमाची पिशवी, तिच्यावर उड्या मारणाऱ्या जातीची कोळ्याची मादी. अंडी राखत बसलीय! पिल्लं बाहेर येईपर्यंत ती तिथून हलणार नाही, खाणार नाही. महिनाभर शोधून मिळत नाही ते आयतं दारात आलं.

२३ ऑगस्ट

खोटं बोलले. पहाटे जयवंताबाई हाक मारायला आल्या तेव्हा सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, आमची मी नेते. गल्लीच्या टोकापर्यंत फांदी नेली, त्या वळल्या तशी मी परत आले. मागच्या दाराजवळच्या मोगऱ्याच्या कुंडीत खोचून ठेवली. लांबून सगळ्या गावाचं ओरडणं ऐकू येत होतं. एका आईला पोरांसकट शिवेबाहेर फेकून द्यायचं, कशासाठी? मच्छर काय तेवढ्याने जाणार आहेत!

२६ ऑगस्ट

फोटो चार वेळा मोठा करून पाहिला, मगच लिहायला बसले.

या मादीचे पुढचे दोन डोळे मोठे आहेत, काळे आणि चकचकीत. फोटो मोठा केला की त्यात समोरचं सगळं दिसतं. मी घराकडे तोंड करून बसते, त्यामुळे डोळ्यात मधोमध मी, माझा कॅमेरा, आणि माझ्या पाठीमागे अख्खी बाग, पेरू, कुंपणाची भिंत.

भिंतीपाशी एक मुलगी उभी आहे. शाळेचा निळा गणवेश. एक मोजा घसरलेला.

मी विनयला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की दवावर उजेड पडलाय, डाग आहे. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला दिसत नाही. गार्गीचा मोजा किती वेळा वर ओढलाय मी. डाग म्हणे!

२७ ऑगस्ट

आज तीस फोटो काढले. जोडले नाहीत. एकेक करून पाहिले.

पहिल्यात ती भिंतीपाशी. दहाव्यात पेरूखाली. विसाव्यात दोडक्याच्या मांडवाशी. तिसाव्यात माझ्या खांद्यामागे, दोन हातांवर. चालत येतेय! फोटो काढताना पाठीमागे पानसुद्धा वाजलं नव्हतं.

भीती वाटायला हवी. मला इतका आनंद झालाय की मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. ती माझ्याकडे येतेय.

२९ ऑगस्ट

विनयला कालपासून ताप. आदिलाबादला नेलं, रक्त तपासलं, सगळं नीट आहे म्हणाले. गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या म्हणाले. गार्गीच्या वेळीही पहिल्या दिवशी असंच.

नाही. पावसाळ्यात येतातच ताप.

पहाटेचे फोटो काढलेच. आधी त्याचं अंग पुसलं, मग काढले. ती माझ्या अगदी शेजारी आहे. चेहरा दिसत नाही, फक्त वेणी आणि कान.

३१ ऑगस्ट

ती थांबली नाही.

पाचव्या फोटोत माझ्या शेजारी. आठव्यात माझ्यापुढे, माझ्याकडे पाठ करून. नवव्यात नाही. माझ्यापुढे काय आहे? मागचं दार. दारातून सरळ विनयची खाट.

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिने. मी हात पुढे केला असता, मला दिसली असती तर. मेल्यावरही बापाकडेच.

हे काय लिहिलं मी.

२ सप्टेंबर

ताप उतरत नाही. डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावलं, त्यांनाही कळत नाही. विनय तिच्याशी बोलतो. पायथ्याशी बसलीय म्हणतो, आज कुठला किडा सापडला ते सांगतेय म्हणतो. हसतो. दोन वर्षांत असा हसला नव्हता.

त्याच्या खोलीत मला काही दिसत नाही. पायथ्याची चादर मात्र बसकी आहे, कोणीतरी बसल्यागत. मी सरळ करते — पुन्हा बसकी.

३ सप्टेंबर

जयवंताबाईंना सगळं सांगितलं. फांदीचंही. शिव्या देतील वाटलं. कुंडीजवळ मटकन बसल्या. म्हणाल्या, “तुमी नाई म्हनल्या असत्या तं म्याच नेली असती वो माय.”

मग सांगितलं. राहिलेला मेढा ज्याने ठेवला त्यानेच न्यायचा. दिवस निघायच्या आत, मागे वळून न पाहता. आणि जे जे घरात शिरलं त्या एकेकाचं नाव घ्यायचं — मोठ्याने. ज्याचं नाव राहिलं ते राहतं.

मी विचारलं, एकेकाचं?

त्यांनी मान खाली घातली. हो म्हणाल्या.

माश्या, मच्छर, ढेकूण. त्यांच्या ओळीत माझी पोर.

४ सप्टेंबर

नेली नाही. उठले, फांदीला हात लावला, परत ठेवली.

विनयने आज पाणी घेतलं नाही.

मी त्याला मारतेय. मला कळतंय. एक दिवस अजून, एवढंच म्हणत मी त्याला —

५ सप्टेंबर

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो शुद्धीवर होता. सगळं बोलला. त्याला मेढा माहीत आहे, कसा ते मला कळत नाही. म्हणाला, तिला बाहेर टाकू नकोस. ती एकटी घाबरते. मीच जातो ना तिच्याबरोबर.

इतक्या साध्या आवाजात.

मी ओरडले त्याच्यावर. तापलेल्या माणसावर. म्हणाले, आणि मी? मला कोण? तुम्ही दोघं नेहमी —

तो झोपला. हात चादरीबाहेर, मूठ अर्धी मिटलेली, आत कोणाचं तरी बोट असल्यागत. मी ती मूठ उघडायला गेले. उघडली नाही.

उद्या नेणार.

६ सप्टेंबर, पहाट

शिवेवर आहे. फांदी मांडीवर. जयवंताबाई पलीकडे पाठ करून उभ्या, त्यांनी बघायचं नसतं.

माश्या म्हटलं. मच्छर म्हटलं. ढेकूण. खोकला. ताप दोनदा म्हटलं.

नाव निघत नाही. म्हणून वही आणली. आधी लिहिलं की म्हणता येईल — पोरांना मी तेच सांगायचे, घोकत बसू नका, लिहून काढा.

निघताना विनयचा श्वास — मोजला — मध्ये फार वेळ जातो —

पूर्वेला तांबडं.

डावा हात. कोणीतरी धरला.

लहान हात. गरम. मागे वळायचं नाही. नखं वाढलीत — कोणी कापली नाहीत —

माझा हात. गार्गी, माझा धरलास. विनय तिकडे घरी आणि तू माझा —

घट्ट धरलाय. घाबरलीय. सोडत नाही.

आणि मी आता —

सूर्य — म्हणायलाच — विनय —

गार्गीला घेऊन जाय गे