डाव्या कानामागचा तीळ

माकणी, ३ ऑक्टो. १९४१
रंगूनहून संगाप्पाचं पत्र. आमच्या अप्पा दुकानदारांचा हा मुलगा, तीन वर्षं तिकडं लाकडाच्या वखारीत. आता बायकोला, गौरव्वाला, बोलावतोय. नवा कायदा झालाय, परवान्याशिवाय ब्रह्मदेशात उतरू देत नाहीत म्हणे. सोबत इंग्रजी अर्जाच्या दोन प्रती. अप्पा म्हणाले, "मास्तर, सुनंला वाचाया तुमीच शिकवलं. आता ह्ये बी तुमीच लिवा." गावात इंग्रजी येणारा मी एकटा. फुशारलो.

७ ऑक्टो.
अप्पांच्या दुकानात बसून अर्ज भरला. नाव, वय, उंची सगळं विचारून घेतलं. 'शरीरावरची खूण' तेवढी विचारली नाही, लिहून टाकली. मग ऐटीत सगळा अर्ज मराठीत वाचून दाखवला. "डाव्या कानामागं तीळ."
अप्पा पानाला चुना लावत होते, थांबले. आतल्या दारात गौ. उभी. तिचा हात पदराकडं गेला. अर्जासाठी सोलापुरात काढलेल्या फोटोत तर कानसुद्धा दिसत नाहीत.
कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

८ ऑक्टो.
इथं तरी खरं लिहावं. वावगं बोललो नाही, बोट लावलं नाही. पण पाटीवर वाकून गिरवताना तिचा डोईवरचा पदर खांद्यावर यायचा. शेजारी अप्पा निर्धास्त डुलक्या घेत. मी बघायचो. वर्षभर, रोज.
लाज वाटते. चाळीशी उलटलेला माणूस मी.

१२ ऑक्टो.
अप्पा दुसरी प्रत घेऊन आले. "खूण न्हाय असं लिवा." लिहिलं. माझ्याकडं न बघता गेले. तिला दिलेली पाटीही परत आली.
घरी हिच्या कानावर गेलंच. जेवताना म्हणाली, "माझ्या अंगावर कुठं खूण हाय, सांगा बरं."
सांगता आलं नाही.

१५ नोव्हें.
अर्ज परत. खुणेशिवाय चालत नाही म्हणे. कोरा अर्ज जोडलाय. बोट पुढच्या महिन्यात, संगाप्पानं जागा धरून ठेवलीय. अप्पा लोहाऱ्याच्या कचेरीतल्या कारकुनाकडं गेले, तर तो म्हणाला, बाईला समोर आणा, बघून लिहितो. हे सगळं माझ्यामुळं.

१८ नोव्हें.
भर दुपारी गौ. शाळेत आली, मागं अप्पा. पोरं माना वळवून बघायला लागली. तिनं कोरा अर्ज टेबलावर ठेवला.
"मास्तर, पयलं लिवलेलं खोटं हुतं का?"
"नाही."
"मग तेच लिवा. लोहाऱ्याला मी जाणार न्हाय. आन् लिवल्यावर वाचून दावा. मोठ्यानं. तवा वाचलं हुतं तसं."
अप्पा खिडकीबाहेर बघत होते.
लिहिलं. वाचायला उभा राहिलो, पोरांकडं बघितलं आणि अर्ज खाली ठेवला. तो टेबलावर तसाच राहू देऊन ती वळली.
"उद्या येतो आमी," म्हणाली. "तुमी वाचल्याबिगर न्हेणार न्हाय."
उद्या शाळा आहे. पोरं असतील.