घर कुठवर आलां

अब्बा, मागच्या आठवड्यात मी नाचगाण्याचा एक सिनेमा बघताना रडले. तुम्ही असता तर हसला असता. सिनेमात गाणं सुरू झालं की तुम्ही चहा टाकायला उठायचात. हा तुमच्या नातीनं लावला होता, दोहातल्या अल थुमामाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर लोळत. अमेरिकेतल्या मोठ्या शहरातली एक गल्ली, आणि तिथली माणसं कुठल्या कुठल्या बेटांवरून आलेली, घरात स्पॅनिश बोलणारी. कोणाचं किराणा दुकान, कोणाचं सलून, कोणी टॅक्सी चालवतो. कोणाला मोठं व्हायचंय, कोणाला परत जायचंय, आणि एकानं आपलं स्वप्न गाऊन सांगितलं की अख्खी गल्ली कामधंदा टाकून त्याच्याभोवती नाचते. पोरगी म्हणाली, “ममा, नोबडी डझ दॅट इन रिअल लाइफ.” मी म्हटलं, करतात, मी पाहिलंय. आणि मग रडायलाच लागले. ती घाबरून सिनेमा बंद करायला निघाली.

मग मी तिला आपल्या गाववाल्यांच्या खोलीबद्दल सांगितलं. सूक वाकिफच्या जुन्या बाजारामागच्या अंगाला ती खोली होती. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की शिलाईचं दुकान बंद ठेवून तुम्ही मला तिकडे न्यायचात, आणि अम्मीनं दिलेला सुरमईच्या कालवणाचा डबा माझ्या हातात असायचा. आपल्या गावचा जो कोणी दोहात असेल, ड्रायव्हर असो, क्लार्क असो, तो तिथं येणारच. अजून दिसतं मला. दस्तरखानावरची ताटं उचलली जातात, कोणीतरी पालथ्या पातेल्यावर ठेका धरतो, आणि तुम्ही एकेकाला उभं करता. “बोल रे, घर कुठवर आलां?” गावी प्रत्येकानं घर बांधायला काढलेलं. कोणी लाजत म्हणतो, “चाचा, जोतां झालां.” टाळ्या पडतात. कोणाच्या भिंती खिडकीपर्यंत आलेल्या असतात, त्याला आणखी टाळ्या. आणि ज्याचा स्लॅब पडला त्याला खांद्यावर घेऊन ती एवढीशी खोली नाचते, त्याचं डोकं पंख्याला लागेल म्हणून तुम्ही ओरडता. ज्याचं काम रखडलंय त्याला तुम्ही हसू द्यायचा नाहीत कोणाला. त्याच्यासाठी पातेलं जास्त वेळ वाजायचं. मला तेव्हा वाटायचं, माणसं घरं बांधतात ती इथं येऊन सांगता यावं म्हणून.

सिनेमाचं वेड डोक्यात शिरलं म्हणा, मी ठरवलं, या शुक्रवारी आपल्याकडेच बोलवायचं सगळ्यांना. ती खोली कधीच पाडली, पण आमच्या हॉलमध्ये पंधरावीस माणसं सहज बसतील. गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. “इन्शाल्ला, आपा” अशी उत्तरं आली, फुलं आली, हात जोडलेले आले. मी वेडी, ते खरं धरून बसले. तुमच्या वेळी गाववाल्यानं इन्शाल्ला म्हटलं की पातेलं मोठं चढवायचं, एवढंच मला ठाऊक. सकाळपासून स्वयंपाकघरात राबले. तुमच्या जावयांची पार उत्तरेला, मदिनत अश शमालला ड्यूटी होती, त्यांनी फोनवर विचारलं, “अगं, नक्की कोण कोण येतंय?” मी म्हटलं, सगळेच. जुम्मा झाला. दस्तरखान अंथरला. एकाचा फोन आला, पोरांचा क्लास आहे. एक मॉलला गेले होते, म्हणाले, “आपा, नेक्स्ट टाइम पक्का.” बाकीच्यांनी तेही कळवलं नाही. वाईट कोणीच नाही, अब्बा. प्रत्येकाकडे बायको आहे, गाडी आहे, फ्लॅट आहे. एकमेकांची गरजच उरली नाही. पण मला फार एकटं वाटलं, अगदी हमसून रडावंसं वाटलं.

तुमची नात एवढ्या ताटांसमोर एकटी येऊन बसली. मराठी समजते तिला, पण तोंडातून निघत नाही. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असंच चालतं आमच्याकडे. तिनं चमचा घेतला, रिकाम्या ताटावर वाजवला आणि म्हणाली, “बोल, ममा. घर कुठवर आलां?” हुबेहूब तुमच्यासारखं, तो शेवटचा हेलसुद्धा. मी म्हटलं, “थांब, भात आणते,” आणि आत जाऊन ओट्याशी उभी राहिले.

हे पत्र कुठं धाडू? गावचं घर बंद आहे. पडवीत शिलाईचं मशीन ठेवायला तुम्ही उजेडाची जागा सोडली होती, ती तशीच आहे. तुम्ही तिथं राहायला पोचलाच नाहीत, इथल्याच मातीत राहिलात. म्हणून हे ड्रॉवरमध्येच राहील, आणि म्हणूनच लिहवतं. पोरीला मी नुसता भात वाढला. उत्तर तुम्हाला सांगते. ज्या घरासाठी तुम्ही सारा जन्म मशीनवर वाकलात, त्याची मला एकदाही आठवण आली नाही, अब्बा. मला त्या खोलीची येते.