मातीला न सोडणारा साहेब

अण्णा, आई दोन दिवस आपल्याच घरात कोंडून होती, आणि कडी तिनंच आतून घातली होती. तुम्हाला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो, तेव्हापासून माझं अक्षर काही सुधारलेलं नाही. शाळा सुटली आणि मी फिरत राहिलो. इस्लामपूरकडं उसाच्या ट्रॅक्टरवर, मग विश्रामबागेत एका मेसमध्ये, मग तिथंच मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याच्या गाड्यावर. मधे कराडला होतो, तेव्हा काम सोडून संगमावर बसायचो. दोन नद्या समोरासमोर येऊन धडकतात, बघत राहिलं की वेळ कळत नाही. पण ते राहू दे, आईचं सांगतो.

भर दुपारी घरी पोचलो तर दार बंद, खिडक्या बंद. हाक मारली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "परत जा. कामात हाय मी." दुपारी दार लावून आई कसलं काम करणार? मागच्या मोडक्या दारानं शिरलो. आत उकाडा, पंखा बंद, कारण पंख्याच्या आवाजात साहेबांना ऐकू येत नव्हतं. आई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत ताठ बसलेली, पाठीमागं भिंतीवर तुमचा फोटो. समोर साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन, आणि फोनमध्ये खाकी वर्दीतला एक माणूस. त्यानं विचारलं, "ये कौन है?" आई म्हणाली, "मुलगा हाय सायब. त्याला काय कळत न्हाई." तो म्हणाला, कॅमेऱ्यासमोर ये. मी गेलो. आणि अण्णा, मी खिशातले हात काढले, पाय जुळवले, "जय हिंद सर" म्हणालो.

तुम्ही एकदा पलटणीतून सुट्टीवर आला होता तेव्हा तुमच्या टोपीत मी चिंचा गोळा केल्या होत्या. तुम्ही स्वयंपाकघरात वर्दीला इस्त्री करत होता. इस्त्री बाजूला ठेवून माझ्या कानाखाली दिलीत. "वर्दीची हाय ती. वर्दीसमोर ताठ उभं ऱ्हायाचं." ते अंगात मुरलंय, माझ्याही आणि आईच्याही. फोनमधल्या त्या चोरानं दुसरे कुठले कपडे घातले असते तर आईनं त्याला पहिल्या मिनिटाला हाकललं असतं.

तिच्या आधार कार्डावर कुणीतरी मोठा गुन्हा केलाय, असं तिला सांगितलं होतं. चौकशी होईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, फोन बंद करायचा नाही. मोरीत जायलासुद्धा ती विचारून जात होती. मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन तुमच्या फंडाची ठेव मोडायची आणि तपासणीसाठी त्यांच्या खात्यात भरायची, असं ठरलं होतं. विश्रामबागेत गाड्यावर असले किस्से मी ऐकले होते. तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "आई, हा खोटा हाय. पोलीस असं फोनवर धरून ठेवत न्हाईत." तिनं ओठ न हलवता उत्तर दिलं, "तुजं ऐकू का सायबाचं? धड धाव्वी पास तरी झालास का?" मी फोनला हात घातला तर तिनं मनगट धरलं. "बाची पेन्शन बंद पाडतोस व्हय? त्यांचं नाव खराब हुईल म्हणलाय त्यो."

म्हणजे तिला तुम्हीच अडकवून ठेवलं होतं, अण्णा.

मी परसात गेलो. काय करावं सुचत नव्हतं. मग आत येऊन मोठ्यानं म्हणालो, "आई, तात्या गेलं." तुमचे थोरले भाऊ. पलीकडच्या अंगणात धडधाकट बसून शेंगा फोडत होते.

आई अर्धी उठली. "सायब, माझं थोरलं दीर वारलं. मातीला जाऊन येते."

"कहीं नहीं जाना है. मर गया तो मर गया."

आईनं पदर खोचला. "आवं, माजी सासू गेली तवा आमच्या ह्यांना बॉर्डरवरनं सोडलं हुतं. त्यांच्या सायबानं सवता जीपमधनं स्टेशनाला पोचवलं. आन तुमी मला शेजारच्या अंगणात सोडंना? तुमी कसलं सायब?" तो ओरडायला लागला. मातीला न सोडणाऱ्या माणसाचं तिनं पुढं ऐकलंच नाही. फोन पालथा घातला, कडी काढली आणि हंबरडा फोडत अनवाणी पळाली.

तात्या शेंगा खाली ठेवून म्हणाले, "कोण गेलं गं?"

आईनं त्यांचीच चप्पल उचलून मला मारली. "जित्या मानसाला मारतोस!" तात्या म्हणाले, "मार, पर चप्पल परत दे." मग ती तिथंच मातीत बसली आणि रडत हसायला लागली.

ठेव वाचली. ठाण्यात जाऊन सगळं सांगून आलो. पण दाराची कडी अजून दुपारचीच लागते. फोन वाजला की आई भांडी घासता घासता थांबते, ती रिंग संपेपर्यंत. मीही अडकलोय. पाठीवरची सॅक खुंटीला आहे, तिच्याकडं बघत दिवस जातो. परवा आई मधेच म्हणाली, "चोर हुता. पर दोनी टायमाला इचारायचा, माताजी जेवला का."

काल संध्याकाळी मी विचारलं, "आई, जेवलीस का?" तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "काय पायजे तुला?"

काही नाही, म्हणालो. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणून खरं लिहितो, अण्णा. परत जायला भाडं नव्हतं. तुमच्या पेन्शनीतले पैसे मागणार होतो.