नावापुढे 'नाही'

चिरंजीव भाऊ,

ताईचे आशीर्वाद. तू हेडमास्तर असलास तरी आधी माझा धाकटा भाऊ, तेव्हा अरेतुरेच करणार. माझा गुडघा बरा आहे, तुझं पित्त कसं आहे ते कळव. एवढं विचारून झालं, आता भांडते.

तू शाळेत 'थकलेला शिक्षक ओळखा' असा कागद वाटलास. वीस प्रश्न! (मी दुसरीपर्यंत शिकलेली, वाचायला दोन दिवस लागले.) झोप लागते का, चिडचिड होते का, काम नकोसं वाटतं का. विचारलंस ते चांगलंच. पण सगळ्यांचे कागद गोळा करायचे, तक्ता काढायचा आणि रविवारी येऊन त्यावर भाषण करायचं, हे कोणाच्या गळ्यात मारलंस? माझ्या नातीच्या! तिने स्वतःचा कागद कसा भरलाय? वीसही प्रश्नांना 'नाही'. वर 'नाव' छापलंय, त्याच्यापुढेही 'नाही'. आणि खाली तुझी सही, 'पाहिले'. काय पाहिलंस रे, कपाळ?

मला तर आधीच कळलं होतं. ती मला रोज एक पान लिहायला लावते. पूर्वी एका वेलांटीवरून तासभर हुज्जत घालायची (तुमच्याकडची मुलं कशी टिकतात कोण जाणे). गेले दोन महिने नुसती बरोबरची खूण. शंका आली म्हणून मी मुद्दाम लिहिलं, हत्तीनं अंडं घातलं व हेडमास्तर त्यावर बसले. तिने खूण केली, खाली लिहिलं 'छान प्रगती'.

काल शाळेतून आली ती चपला न काढता पलंगावर आडवी. फोन आपला टिंगटिंग करतोय, पालकांचा ग्रुप! मी उचलला आणि बटण दाबून बोलले, "बाई झोपल्यात. पोरं तुमची आहेत, जरा तुम्हीही बघा." साठ घरांत ऐकू गेलं. त्यावर एका बापाने विचारलं, "हे वहीत उतरवून घ्यायचं का?"

ती उठली, तिने ते ऐकलं, आणि माझ्यावर अशी कडाडली म्हणून सांगू! "आजी, तुला काही कळतं का? उद्या तोंड कसं दाखवू मी?" दोन महिन्यांत पहिल्यांदा पोरीचा आवाज चढला. मला इतका आनंद झाला की हसूच आवरेना. मग ती रडली, पोटभर जेवली आणि झोपली ती आज दुपार झाली तरी उठलेली नाही. आणि तेवढ्यात तुझा शिपाई दारात, तक्ता मागायला! लाज वाटली बिचाऱ्याला, तुला वाटली नाही. त्याला चहा पाजून बसवलाय, हे पत्र त्याच्याच हाती देते.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. (तिचं कसं होतं तुझ्याजवळ, देवाला ठाऊक.)

तुझी ताई

ता. क. तिला महिनाभर रजा हवी. रजेत तपासायला वह्या पाठवल्यास तर मी तपासीन, मग निकाल तुझा तू बघ.

आणखी ता. क. सोमवारी तिने माझ्याकडे एक पाकीट दिलं. "मामाआजोबांना तूच दे, मला समोर उभं राहून देववत नाही." मी फोडलं. राजीनामा आहे. रजा आली तर पाकीट तिला परत करीन, ठेवायचं की फाडायचं ते ती ठरवील. नाही आली तर मीच घेऊन येते. एकदा वाचच. दोन महिन्यांत पोरीने मन लावून लिहिलेलं तेवढंच आहे.