कौसामावशीच्या रानाची माती

४ फेब्रुवारी
वडवणीला गेलतो, तहसीलला. आमच्या मजूर संस्थेच्या मुरूम खदानीचा परवाना या महिन्यात संपतोय. या वेळी नुसता अर्ज चालत नाही, काम संपल्यावर जमीन पूर्ववत कशी करणार त्याचा आराखडा पाहिजे. मागं मी एका ओळीत भागवलं होतं, 'खड्डा बुजवून देऊ.' कारकून म्हणाला, "सचिवसाहेब, कडांना उतार किती देणार, वरची माती कुठं साठवलीय, मग तिथं काय लावणार, सगळं नकाशासकट लिहा." मुदत २० तारीख.
परवाना गेला तर सोसायटीची तीस माणसं घरी बसणार. ऊसच नाही तर तोडीला तरी कुठं जातील? गावात टँकर एक दिवसाआड.

६ फेब्रु.
रफिक मिस्त्रीला सिरसाळ्याहून बोलावलं. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, पण लेव्हल काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. दोघांनी टेप लावला. पूर्वेची कड बावीस फूट, सरळ उभी. रफिक म्हणाला, "दिनूभाई, एखादं जनावर पडलं तर वर येणार न्हाई."
कौसामावशी बांधावर येऊन बसली. रान तिचं. नवरा गेल्यावर पाच वर्षांच्या करारानं संस्थेला दिलं. वाकून खड्ड्यात बघितलं. मग एवढंच विचारलं, "दिनकरराव, माझी वरची माती कुठं ठिवलीय?"
"बघतो मावशी," म्हणालो. काय बघणार होतो?

७ फेब्रु.
आराखड्याचं काही लिहिलं नाही. करार काढून वाचला. 'वरची काळी माती वेगळी काढून शेताच्या कडेला जपून ठेवावी.' अक्षर माझंच.

९ फेब्रु.
नानाकडं गेलो. संस्थेचा चेअरमन. मागच्या दुष्काळात माणसं गोळा करून ही सोसायटी त्यानंच उभी केली, हे विसरून चालणार नाही.
"लिही, माती साठवलेली हाय."
"कुठं हाय, नाना?"
"कामून इतका खोलात शिरतो रं? कोण येतंय बघायला? तीस घरं हायेत, त्यांच्याकडं बघ."
तीस घरं खरीच आहेत.

१० फेब्रु.
आता लिहूनच टाकतो. खदान सुरू करताना माती उचलली ती आम्हीच. सगळ्यात जास्त नानाच्या नदीकाठच्या रानात गेली, थोडी थोडी आणखी पाच-सहा जणांनी नेली. चार ट्रॉल्या माझ्या मोसंबीत. बाग वाळत होती, वाटलं चांगली माती घातली तर तगेल. मावशीला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१२ फेब्रु.
सकाळी मावशीच्या घरी. ज्वारी निवडत होती. सगळं सांगितलं, स्वतःपासून सुरुवात करून. तिचा हात थांबला नाही. सूपही खाली ठेवलं नाही.
शेवटी म्हणाली, "तुमच्या झाडास्नी लागली का तरी?"
"न्हाई मावशी. वाळली सगळी."
"लई वाईट झालं," म्हणाली. झाडांबद्दल म्हणाली, का मातीबद्दल…
मी उठलो तेव्हा म्हणाली, "मग आणून टाका."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ फेब्रु.
रफिक आणि मी आराखडा पुरा केला. कडा फोडून उतार, तळाला टाकाऊ मुरूम, वर काळी माती हातभर, बांधाला कडुनिंब. 'माती साठा' या रकान्यात लिहिलं, जागेवर नाही, सभासदांनी नेली, परत आणत आहोत. खाली नावं. पहिलं माझं, मग नानाचं.
रफिकनं वाचलं. "दिनूभाई, नाना पहिले तुमालाच काढतील."
"काढू दे."
म्हणालो खरं.

१५ फेब्रु.
सभा, मारुतीच्या पारावर. आराखडा वाचून दाखवला. नाना मोठ्यानं म्हणाला, "ह्यानं संस्था बुडवायचं ठरवलंय." मग गंगाबाई, खदानीत पाट्या उचलते, उभी राहिली. "माझ्याकडं दोन ट्रॉल्या हायेत. नेल्यात ते खरं हाय." बसली. आणखी दोघांनी माना हलवल्या. बाकीचे जमिनीकडं बघत राहिले.

१७ फेब्रु.
मोसंबीची खोडं काढून माती उपसली. बायको, मंगल, घमेली भरत होती, माझ्याशी बोलली नाही. चारच्या तीन ट्रॉल्या भरल्या, बाकी वाऱ्यानं गेली असेल. रफिकनं ट्रॅक्टर चालवला. गंगाबाईचीही आली. बावीस फुटी खड्ड्याच्या कडेला तो ढीग म्हणजे काहीच नाही.
दुपारी नाना गाडीवर आला. उतरला नाही. ढिगाकडं बघत म्हणाला, "फाईल दे." चेअरमनच्या सहीशिवाय आराखडा जमा होत नाही. दिली. गाडी वळवून निघून गेला.

१८ फेब्रु.
फाईल नानाकडंच. फोन उचलत नाही. मुदतीला दोन दिवस. त्याच्या रानाच्या वाटेनं जाऊन आलो, तिथं खोदल्याची खूण नाही. गंगाबाई विचारून गेली, "काम ऱ्हाईल का हो?" "नानाला भेटून सांगतो," म्हणालो.
उद्या सकाळी त्याच्या घरी जातो. मंगल आज पहिल्यांदा बोलली, "एकटं जाऊ नका, मी येते."